तो बार माझा होता

आमच्या भंडाऱ्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. भाचा पाळण्यात असो की नोकरीला लागलेला असो, मामा वाकतो आणि भाच्यानं ते मुकाट्यानं घ्यायचं असतं. उलटं चालत नाही. त्यामुळे ज्या माणसाचं माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण आहे, त्याच्या पायाला तो जिवंत असेपर्यंत मला एकदाही हात लावता आला नाही.

ते माझे सख्खे मामा नव्हते. आईचं गाव कोक्याच्या जंगलाला लागून. आजोळच्या गावातला प्रत्येक बाप्या आपला मामाच. आजोबांचं घर कोहळ्यांचं, हे मामा गोंड. पण आईला ते 'बाई' म्हणत आणि भाऊबीजेला न चुकता ओवाळून घ्यायला येत. जंगलाच्या अंगाला असलेल्या सहा घरांच्या धानाची राखण त्यांच्याकडे होती. त्यासाठी त्यांच्याजवळ एक ठासणीची बंदूक होती. गावात तिला भरमार म्हणत. १९५९ च्या शस्त्र कायद्यात अशा बंदुकीची वेगळी सोय आहे; नळीच्या तोंडातून भरायच्या बंदुकीचा परवाना पिकाच्या राखणीसाठी मिळू शकतो. मामांचा परवाना एका टिनाच्या नळकांड्यात असायचा आणि ते नळकांडं पावसाळाभर चुलीवरच्या फळीवर, म्हणजे ओल लागू नये म्हणून. त्यांना वाचता येत नव्हतं. त्या कागदाला मात्र ते देवघरातल्या वस्तूसारखे हात धुऊन शिवत.

दिवाळीच्या सुटीत मी आजोळी जायचो तेव्हा हलका धान कापून झालेला असे आणि भारी धान उभा असे. त्याच दिवसांत चितळं आणि रानडुकरं बांधीत उतरतात. डुक्कर जेवढं खातं त्याच्या चौपट लोळून नासवतं, चितळ लोंबी तेवढी वरच्यावर ओरपतं. एका रात्रीत वीस-पंचवीस जनावरांचा कळप येऊन गेला की सकाळी बांधीत नुसतं तणीस उभं दिसायचं. शहरातल्या वाचकाला हरणाचे डोळे आठवतात, ते मला समजतं. आमच्या आजीला त्या सकाळी वर्षभराचा भात आठवायचा.

मामा मचाणावर बसत तेव्हा मी शेजारी बसायचो. ते बंदूक भरायचे ते सूर्य मावळायच्या आधी, उजेडात. बांबूच्या पेरापासून केलेल्या मापानं दारू मोजून नळीत ओतायची, नळीला बाहेरून दोन चापट्या मारायच्या, मग तेलात भिजवलेल्या चिंधीत गोळी गुंडाळून गजानं खाली बसवायची. गजावर त्यांनी एक खाच पाडलेली होती. गोळी दारूवर टेकली की ती खाच बरोबर नळीच्या तोंडाशी यायची. खाच वर राहिली तर गोळी मध्येच अडकलेली असते, दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहते, आणि अशी बंदूक उडवली तर नळी फुगते नाहीतर फाटते. तांब्याची टोपी ते घोड्याखाली बसवत ती अगदी शेवटी, जनावराची चाहूल लागल्यावरच.

त्यांच्या कमरेला दोन थैल्या असत. एकीत गोळ्या, दुसरीत छर्रे. छर्रे ज्वारीच्या दाण्याएवढे. तितर, बदक, ससा यांच्यासाठी. राखणीला बसताना ते नेहमी गोळीच भरायचे. मचाणापासून चाळीस पावलांवर त्यांनी बांधांवर पळसाच्या सोललेल्या पांढऱ्या खुंट्या रोवल्या होत्या. खुंटीच्या पलीकडच्या जनावरावर ते बार काढत नसत, नुसता हाकारा देत. वर्षाकाठी त्यांचे फार तर पाच-सहा बार व्हायचे. मामाचा बार ऐकू आला की दुसऱ्या बाराची वाट पाहू नका, असं गावात म्हणत.

एकदा ते म्हणाले, "भासा, जनावर पुढं आल्यावर गोळी निवडता येत नाई. ते पयलेच निवडून ठेवा लागते. आन् आपल्याजवळ एकच हाय."

मी हो म्हटलं. चौदा वर्षांच्या पोराला 'एकच' या शब्दाचा अर्थ कितीसा कळणार?

१९६७ ची दिवाळी. सुटी संपत आली होती, त्रिपुरी पौर्णिमेला दोन-तीन दिवस उरले होते. शेजारच्या गावात मंडई भरली होती, रात्री दंडार होती आणि अर्धं गाव तिकडे गेलेलं. मामांना दुपारपासून हिवतापानं घेरलं होतं. तरी ते मचाणावर आले. बंदूक मी भरतो म्हणालो, तर त्यांनी भरू दिली. दर सुटीत पाहत होतो, एव्हाना येत असेल असं त्यांना वाटलं असणार. ते घोंगडी पांघरून पाठमोरे पडले. दारू मी बरोबर मोजली. मग गोळीची थैली बाजूला सारली आणि छर्ऱ्यांची मूठ नळीत सोडली.

का सोडली, हे मी स्वतःला आयुष्यभर विचारत आलो आहे. उत्तर अगदी साधं आहे. एक गोळी चुकू शकते, मूठभर छर्ऱ्यांतला एखादा तरी लागेलच, असा माझा हिशेब होता. मला मारायचं नव्हतं, चुकायचं नव्हतं. या दोहोंतला फरक कळायला मला पुढचे दोन दिवस लागले.

मध्यरात्रीनंतर कळप आला. चांदणं स्वच्छ होतं. मामा तापात कण्हत होते. मी त्यांना उठवलं नाही. पांढऱ्या खुंटीच्या दहाएक पावलं पलीकडे एक मादी मान खाली घालून चरत होती. मी टोपी बसवली आणि चाप ओढला. काळ्या दारूचा धूर एवढा होतो की आपण काय केलं ते आपल्यालाच दिसत नाही. धूर विरला तेव्हा बांधी रिकामी होती आणि मामा उठून बसले होते. त्यांनी बंदूक माझ्या हातातून घेतली, नळीचं तोंड हुंगलं नाही की काही विचारलं नाही. दोन्ही थैल्या चाचपल्या. छर्ऱ्यांची थैली हलकी लागली, तेव्हा एवढंच म्हणाले, "उजाडू दे."

उजाडल्यावर धानाच्या बुंध्याशी रक्त सापडलं. थोडंसंच. पुढे सागाच्या एका पडल्या पानावर आणखी दोन थेंब, आणि त्यात हिरवट पाणी मिसळलेलं. मामांनी ते पान मला हातात घ्यायला लावलं. हिरवं पाणी म्हणजे छर्रा पोटात गेला, त्यांनी सांगितलं. असं जनावर लगेच मरत नाही. कळपातून फुटतं आणि पाण्याकडे जातं. अंगात ताप असलेला तो माणूस दोन दिवस चालला. थेंब सापडेना तिथे गुडघ्यावर बसून गवताची वाकलेली पाती पाहायचा, मुंग्या कुठे जमल्या आहेत ते पाहायचा. पहिल्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत आम्हाला ती सापडली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, गावापासून तीनेक कोसांवरच्या एका बोडीच्या काठाला, चिखलात पुढचे पाय मुडपून ती बसली होती. जिवंत होती. आम्हाला पाहून उठायचा प्रयत्न केला, उठवलं नाही.

मामांनी बंदूक भरली. गोळी थैलीतून काढताना त्यांनी तीन पाहून चौथी निवडली, पाच पावलांवरून मारायची असताना. नंतर मला जवळ बसवून कातडीखालचे आणि पोटातले छर्रे काढायला लावले. सात निघाले. त्यांतला एकही असा नव्हता की ज्यानं ती जागच्या जागी पडली असती.

आता ऋणाची गोष्ट. गावात परतल्यावर लोक जमले. खुंटीपलीकडे बार, तोही छर्ऱ्यांचा, आणि जनावर दोन दिवस तडफडत ठेवलेलं. हे मामांच्या हातून कसं झालं, सगळे विचारू लागले. मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "ताप होता. हात चुकला माहा." त्यांचा परवाना त्यांच्या नावाचा होता आणि पोराच्या हाती बंदूक दिली हे बाहेर आलं असतं तर तो गेला असता, हे खरं. पण माझ्या वडिलांचा स्वभाव गावाला माहीत होता आणि मामांनाही. माझं शिक्षण त्या दिवशी थांबलं असतं. त्यांनी एका वाक्यात दोन्ही वाचवलं आणि स्वतःचं नाव घालवलं. पुढल्या हंगामात सहापैकी दोन घरांनी राखण दुसऱ्याला दिली. त्या दोन घरांचं धान मामांना पुन्हा कधी मिळालं नाही. मंडईत, पानठेल्यावर, कुणीतरी हसत म्हणायचं, मामाचा हात गेला. मी तिथे उभा असायचो. मामा विडी ओढत राहायचे.

पुढल्या उन्हाळ्यात, मोहफुलांचा हंगाम सरल्यावर, त्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, बार काढायचा शिकून झालास, आता गोळी शीक.

शिसं ते धीवरांकडून आणत. आमचा जिल्हा तळ्यांचा, आणि फेकजाळ्याच्या काठाला शिशाचे मणी ओवलेले असतात. जाळं कुजलं की ते मणी उरतात. मामा आधी मण्यावर नख ओढून बघत. नखाचा चरा उठला तर शिसं मऊ, गोळीला चांगलं. मोटारीच्या बॅटरीतलं शिसं कुणी आणून दिलं तर ते परत करायचे. ते कडक असतं, साच्यात कमी आकसतं, त्यामुळे गोळी किंचित मोठी निघते आणि नळीत अडते. लोखंडी पळीत शिसं वितळलं की त्यात बोराएवढं मेण टाकायचं. मेण पेटतं, राख वर येते, ती काडीनं बाजूला सारायची. खाली पाऱ्यासारखं लखलखीत शिसं राहतं. त्या वेळी घामाचा थेंबसुद्धा पळीत पडता कामा नये. पडला तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि शिसं तोंडावर उडतं. मामांच्या गालावर तसा एक डाग होता.

साचा पितळेचा होता, भंडाऱ्याच्या कारागिरांकडून त्यांच्या वडिलांनी करून घेतलेला. भंडारा पितळेच्या भांड्यांचं गाव, त्यामुळे त्यात नवल नाही. थंड साच्यात ओतलेल्या पहिल्या दोन-तीन गोळ्यांवर सुरकुत्या पडतात. त्या थेट पळीत परत. साचा हाताला चटका देईल इतका तापला की मग गुळगुळीत गोळी निघू लागते. मामा अजून शेरात मोजायचे. एका शेराच्या शिशात पन्नासेक गोळ्या व्हायच्या, म्हणजे एक गोळी वीस ग्रॅमला थोडी कमी.

त्यानंतर निवड. मी जे शिकलो ते सगळं या निवडीत होतं. गोळ्या गार झाल्या की मामा एक पितळी परात उलटी घालत आणि तिच्यावर एकेक गोळी सोडत. चांगली गोळी सरळ घरंगळते. आत हवेचा बुडबुडा राहिला असेल तर तिचं वजन एका अंगाला जातं, ती लचकते, वाकडी वळते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. अशी गोळी हवेतही वाकडी जाते. दहांतल्या चार तरी ते परत वितळवत. मी कंटाळून म्हणालो, मामा, एवढी चालेल की. त्यांनी ती गोळी उचलून माझ्या तळहातावर ठेवली आणि विचारलं, "कोनाच्या पोटात चालंल?"

त्या दिवसानंतर मी 'चालेल' हा शब्द जपून वापरतो.

शाळेत तेव्हा १८५७ चा धडा झाला होता आणि काडतुसांची गोष्ट माझ्या डोक्यात होती. मी विचारलं, टोकदार गोळी का नाही ओतत, ती तर खोल जाईल. त्यांनी झोपडीच्या मागची मोहाची फळी दाखवली. कुण्या शिकारी साहेबाच्या माणसाकडून मिळालेली टोकदार गोळी त्यांनी तरुणपणी तिच्यावर उडवली होती. फळीवर गोल भोक नव्हतं, लांबट होतं. गोळी आडवी होऊन लागली होती. कारण मला पुढे नागपूरला भौतिकशास्त्र शिकताना कळलं. टोकदार गोळी सरळ जायला तिला स्वतःभोवती फिरावं लागतं, आणि ती फिरते ती नळीच्या आतल्या पिळाच्या खाचांमुळे. फ्रेंच कप्तान मिन्ये यानं १८४९ मध्ये बुडाशी पोकळ असलेली गोळी केली. बार होताच तिचं बूड पसरून खाचांत घट्ट बसायचं. एन्फिल्ड बंदुकीची गोळी याच जातीची, आणि तिच्याच चरबी लावलेल्या काडतुसांवरून आपल्या देशात वणवा पेटला. मामांची नळी आतून गुळगुळीत होती. तिला गोलच गोळी हवी, आणि तीही जवळून. हे त्यांना एका फळीवरून कळलं होतं.

मी साकोलीच्या बाजूला शाळेत शिक्षक झालो. तीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होतं, हे शिकवताना मी खडूनं फळ्यावर दोन वर्तुळं काढायचो. मामांच्या गोळीचा व्यास छर्ऱ्याच्या साडेतीन पटींहून थोडा जास्त. म्हणजे एका गोळीच्या शिशात चाळीसहून अधिक छर्रे. पण चाळीस छर्रे म्हणजे एक गोळी नव्हे. लहान दाण्याला हवा लवकर थांबवते, तो वरच्यावर रुततो, दुखवतो, मारत नाही. मुलांना मी गणित सांगत होतो. मला बोडीच्या काठचा चिखल दिसत होता.

१९७० मध्ये नागझिरा अभयारण्य झालं, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. तेव्हा नागझिरा, नवेगाव हे सगळं भंडारा जिल्ह्यातच होतं. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १९९९ च्या १ मे रोजी. आमच्या या पट्ट्यात रान जाणणारी माणसं पूर्वीपासून होती. मारुती चितमपल्लींनी नवेगावबांधच्या माधवराव पाटील डोंगरवारांचं ऋण मोकळ्या मनानं मानलं. माझ्या मामांचं नाव कोणत्याच पुस्तकात नाही. कायदा त्यांना वनरक्षकानं तोंडी समजावला. मामांनी एक प्रश्न विचारला: बंदूक ठेवायची की नाही? परवाना होता, बंदूक राहिली. त्याच आठवड्यात त्यांनी गोळ्यांची थैली धीवरांच्या वाड्यात नेऊन रिकामी केली. ज्या शिशाचे मणी होते त्याचे पुन्हा मणी झाले.

त्यानंतर अकरा वर्षं ते मचाणावर बसले ते नुसती दारू आणि वर कापडाचा बोळा ठासून. कळप आला की आभाळाकडे नळी करून बार. धूर, आवाज, आणि चितळं रानात. निवडणुका आल्या की बंदूक ठाण्यात जमा करायची, झाल्या की परत आणायची. दर वेळी ते स्वतः सायकलवर मागे बसून जायचे. मी एकदा विचारलं, मामा, गोळीशिवाय भरताना कसं वाटतं? म्हणाले, "बेस वाटते. आता निवडा नाई लागत."

१९८३ च्या पावसाळ्यात ते गेले. मी पोहोचलो तेव्हा त्यांना अंगणात ठेवलं होतं. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हातारी माणसं कुजबुजली असतील. मला कुणी अडवलं नाही.

तेरवीला जेवणाची पंगत उठायच्या आधी मी उभा राहिलो आणि सोळा वर्षांपूर्वीचा तो बार माझा होता, मामांचा नव्हता, हे सगळ्यांसमोर सांगितलं. ज्या दोन घरांनी राखण काढून घेतली होती, त्यांतली माणसंही तिथे होती. कुणी काही बोललं नाही. मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मले मालूम होता, बापू. त्यायनं त्याच राती सांगतलं होतं. मनत होते, पोरगा शिकते, शिकू दे."

म्हणजे सोळा वर्षं त्या घरात दोन माणसं माझं ओझं वाहत होती आणि दर भाऊबीजेला मला पाटावर बसवून माझ्या पाया पडत होती.

साचा मामींनी मला दिला. तो माझ्या कपाटात आहे. त्यात पुन्हा शिसं ओतलं गेलेलं नाही. बंदूक परवानाधारकाबरोबर संपली. ती ठाण्यात जमा झाली.

हे सगळं आज लिहायला बसलो ते एका कारणानं. आमच्या भागात आता ठासणीची बंदूक क्वचितच दिसते. तिची जागा तारेनं घेतली आहे. धान पोटरीत आलं की बांधाभोवती उघडी तार ओढायची आणि रात्री तिच्यात विजेचा प्रवाह सोडायचा. डुकरासाठी म्हणून सोडलेला तो प्रवाह कुणालाही लागतो. नागझिऱ्यात जन्मलेला जय वाघ २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडल्याच्या रानात गेला आणि २०१६ च्या एप्रिलनंतर कुणाला दिसला नाही. त्याचा बछडा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीडकडे शेताच्या तारेला लागून मेला. चितळं किती मेली याची तर बातमीही होत नाही. रात्री पाणी लावायला गेलेले शेतकरीही अशा तारेनं मेले आहेत. माझ्या त्या मूठभर छर्ऱ्यांत आणि या तारेत मला काही फरक वाटत नाही. काहीतरी लागेलच, हाच हिशेब. फक्त आता चाप ओढणारा घरी झोपलेला असतो, आणि सकाळी पान हातात घ्यायला लावणारा कुणी नसतो.

पिकाचं नुकसान मला ठाऊक आहे. आजीचं तोंड मी पाहिलं आहे. धान वाचलंच पाहिजे. सौर कुंपणाचा झटका जनावराला परतवतो, मारत नाही. नुकसान झालं तर वनखात्याकडे पंचनामा मागा, मागून थकलात तर मला बोलवा, मी अर्ज लिहून देईन, खेटेही घालीन. जागली करणाऱ्या पोरांना टॉर्च आणि फटाके द्या.

आजोळच्या त्या गावात मी अजूनही सगळ्यांचा भाचा आहे. ज्यांच्याशी खेळलो ते म्हातारे झाले. तरी मी गेलो की खाली वाकतात आणि माझ्या पायाला हात लावतात. मामालोकहो, त्या हाताच्या हक्कानं मागतो. यंदा तारेत करंट सोडू नका.